हृदयातल्या गाठीत जंतू: ऑपरेशन घटस्थापनेपर्यंत थांबवावं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही फलटणच्या बाजूचे. पालखी आमच्याकडून पुढे गेली त्या आठवड्यापासून आईच्या अंगात कसर आहे. तिचं वय ४८. आधी टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या, मग दहा दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. औषध चालू असेपर्यंत बरं असायचं, बंद केलं की चार दिवसांत पुन्हा हुडहुडी भरून ताप. वजन ९ किलोंनी उतरलं. डाव्या कुशीवर झोपलं की दम लागायचा. मग टीबीच्या शंकेने गोळ्या सुरू झाल्या. त्यांनीही पहिले पंधरा दिवस ताप कमी झाला, म्हणून आम्हाला निदान बरोबर वाटलं. गेल्या महिन्यात भाकरी थापताना तिचा उजवा हात अर्धा तास लुळा पडला, तोंडातून शब्द फुटेना. नंतर आपोआप सगळं ठीक झालं. तेव्हा तिला पुण्याला आणलं. टूडी इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात ४.५ सेंटिमीटरची गाठ दिसली. ती ‘मिक्सोमा’ आहे असं सांगितलं. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी) स्ट्रेप्टोकॉकस जंतू वाढले. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू होऊन चार दिवस झालेत, ताप उतरलाय. डॉक्टर याच आठवड्यात ऑपरेशन म्हणतात. थोरले काका म्हणतात, अंगात जंतू असताना छाती उघडायची कशाला? सहा आठवड्यांचा कोर्स होऊ दे, पितृपंधरवडा संपू दे, घटस्थापनेनंतर बघू. मामा विचारतात, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी गाठ विरघळणार नाही का? हा कॅन्सर आहे का? मलाही होईल का? आणि एक गोष्ट मला डाचते आहे. मे महिन्यात आईची दाढ ठणकत होती. माझ्या परीक्षेमुळे मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं नाही. हे त्यामुळे झालं का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नांकडे मी सावकाश येते. आधी एकच गोष्ट, कारण ती आजच सांगायला हवी. ऑपरेशन घटस्थापनेवर ढकलू नका. मेंदूच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल आणि तुमच्या सर्जननी याच आठवड्याचा दिवस दिला असेल, तर तो दिवस घ्या.

काका आईच्या काळजीपोटीच बोलताहेत. ‘अंगात ताप असताना ऑपरेशन नको’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, आणि हर्निया, मोतीबिंदू, गुडघा अशा ऑपरेशनांना ते लागूही पडतं. ती थांबू शकतात. इथे ताप ज्या वस्तूमुळे आहे, तीच काढायची आहे. ती आत असेपर्यंत धोका रोजचा आहे.

मिक्सोमा ही बहुतेक वेळा शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखी बुळबुळीत, थरथरणारी गाठ असते. हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांच्या मधल्या पडद्याला ती देठाने लटकलेली असते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला ही गाठ झोका घेते, खालच्या मायट्रल झडपेच्या तोंडाशी येते आणि मागे जाते. डाव्या कुशीवर आईला दम लागायचा तो यामुळेच असणार. कूस बदलली की गाठ झडपेच्या तोंडावर बसते आणि रक्ताची वाट अडते. अशा गाठीचा एखादा तुकडा सुटला तर डाव्या बाजूचं रक्त त्याला थेट महाधमनीत नेतं, आणि तिथून मेंदू, डोळा, मूत्रपिंड, प्लीहा, पाय, कुठेही. साधा मिक्सोमाही असे तुकडे सोडतो. त्यात जंतू शिरले की पृष्ठभाग झिरझिरीत होतो, त्यावर रक्ताच्या गुठळ्या आणि जंतूंचे पुंजके चिकटतात, आणि तुकडे सुटण्याची भीती आणखी वाढते. भाकरी थापताना हात लुळा पडला तो बहुधा असाच एक छोटा तुकडा होता. तो विरला किंवा पुढे सरकला म्हणून हात परत आला. पुढचा तुकडा केवढा असेल आणि कुठे जाईल, हे कोणीच सांगू शकणार नाही.

अँटिबायोटिकने ताप उतरला, ही चांगली बातमी आहे. रक्तातले जंतू कमी झाले, असा तिचा अर्थ. पण गाठ तेवढीच आहे आणि देठही तितकाच नाजूक. औषध रक्तातून फिरतं. त्या मलईच्या गाभ्यात रक्तवाहिन्या तुरळक, म्हणून आत दडलेल्या जंतूंपर्यंत ते पुरेसं पोहोचत नाही. सहा आठवडे थांबून गाठ ‘स्वच्छ’ होईल आणि मग निवांत काढू, या हिशेबात हे सहा आठवडे आईचा मेंदू पणाला लागलेला असतो. म्हणून जंतू धरलेल्या मिक्सोमात औषध सुरू करायचं आणि गाठ लवकर काढायची, हीच रीत आहे.

थांबण्याला एक खरं कारण असू शकतं. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर साधारण चार आठवडे थांबायचा विचार करतात. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम यंत्राकडे असतं, आणि रक्त त्या यंत्रात गोठू नये म्हणून हेपॅरिन भरपूर द्यावं लागतं. मेंदूत जखम ओली असेल तर ते महागात पडतं. म्हणूनच आईच्या मेंदूचा सीटी किंवा एमआरआय आधी करतात. तो झालाय का, आणि त्यात काय दिसलं, हे डॉक्टरांना आजच विचारा.

पितृपंधरवड्याबद्दल. आपल्याकडे या दिवसांत मंगलकार्य करत नाहीत, पण ऑपरेशन हे मंगलकार्य नाही, ते औषधपाणी आहे. या पंधरा दिवसांत आईला ताप आला तर तुम्ही गोळी देणारच. माझी एक विनंती आहे: काकांना सोबत घेऊन जा आणि इको करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, गाठीचा व्हिडिओ एकदा दाखवा. कागदावरचे ४.५ सेंटिमीटर आणि पडद्यावर झडपेतून खाली डोकावणारी, डुलणारी गाठ यांत फार फरक आहे. माझ्या अनुभवात हे अर्ध्या मिनिटाचं चित्र तासभराच्या समजावणीपेक्षा लवकर पटतं.

आता मामांचा प्रश्न. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ही गाठ विरघळत नाही, कारण ती रक्ताची गुठळी नाहीच. उलट इथे त्या गोळ्यांचा धोका आहे. जंतू असलेला तुकडा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला की तिची भिंत आतून कुजत जाते, फुग्यासारखी फुगते आणि फुटू शकते. त्यात रक्त पातळ असेल तर रक्तस्राव थांबवणं कठीण होतं. तेव्हा अॅस्पिरिनसुद्धा स्वतःहून नको. आणि देव न करो, पण ऑपरेशनच्या आधी आईचं तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर नर्सला त्याच क्षणी हाक मारा. समोरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘हृदयात जंतू असलेली गाठ आहे.’ नेहमीच्या लकव्यात गुठळी विरघळवण्यासाठी जे इंजेक्शन देतात ते अशा रुग्णात घातक ठरू शकतं, म्हणून हे वाक्य आधी.

हा कॅन्सर आहे का? मिक्सोमा कॅन्सर नाही. हृदयातच उगम पावलेल्या गाठी मुळात फार दुर्मीळ असतात, शवविच्छेदनाच्या जुन्या नोंदींत १०,००० मध्ये २ च्या आसपास. मोठ्या माणसांत त्यांतली नेहमी आढळणारी गाठ म्हणजे मिक्सोमा. ७५ टक्क्यांच्या आसपास मिक्सोमा डाव्या वरच्या कप्प्यात असतात, आणि ते पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतात, तेही तिशी ते साठीच्या दरम्यान. आईचं वय, गाठीची जागा, सगळं त्या चित्रात बसतं. १९५० च्या दशकापर्यंत ही गाठ बहुतेक वेळा मृत्यूनंतरच सापडायची. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली, आणि पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हार्ट-लंग मशीनच्या आधाराने मिक्सोमा यशस्वीरीत्या काढला. आई ज्या टेबलावर जाणार आहे, त्या टेबलामागे सत्तर वर्षांचा सराव उभा आहे.

आता निदानाचा भाग. तुमच्या पत्रातली अडीच महिन्यांची फरफट इथेच झाली, म्हणून यावर जरा थांबते.

मिक्सोमा फसवा असतो. त्यात जंतू नसतानाही ताप येतो, वजन उतरतं, सांधे दुखतात, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढतो, रक्त कमी होतं. ही गाठ स्वतःच इंटरल्यूकिन-६ नावाचं द्रव्य रक्तात सोडते आणि शरीराला वाटतं की कुठेतरी मोठा संसर्ग चालू आहे. म्हणजे ताप आहे आणि गाठ आहे, एवढ्यावरून गाठीत जंतू आहेत असं म्हणता येत नाही. उलट गाठ सापडली की ‘ताप गाठीचाच’ म्हणून जंतू शोधायचं राहून जाऊ शकतं, आणि मग ऑपरेशन महिनाभरानंतरच्या यादीत जातं. या दोन्ही चुका टाळणारी तपासणी एकच, ब्लड कल्चर, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाण्याआधी घेतलेलं.

कल्चर नीट घ्यायचं तर तीन वेळा, वेगवेगळ्या शिरांतून, दर वेळी दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. सगळं मिळून ६० मिलिलिटरपर्यंत जातं. नातेवाईक घाबरतात, ‘आधीच अशक्त आहे, एवढं रक्त कशाला?’ कारण या आजारात रक्तात जंतू मोजकेच असतात, थोड्या रक्तात ते हाती लागत नाहीत. तीन वेळा घेण्याचंही कारण आहे. त्वचेवरचे जंतू सुईबरोबर एखाद्या बाटलीत शिरू शकतात, पण वेगवेगळ्या शिरांतून घेतलेल्या सगळ्या बाटल्यांत तोच जंतू वाढला तर तो रक्तातलाच. अहवालाची नीट प्रत मागून घ्या, त्यात किती बाटल्यांत जंतू वाढले आणि कोणत्या औषधाला ते दाद देतात हे लिहिलेलं असतं. औषध सुरू झाल्यावर रक्त स्वच्छ झालं का हे पाहायला पुन्हा कल्चर करतात, तेव्हाही नको म्हणू नका.

तुमच्या आईचा ताप प्रत्येक औषधाने थोडा दबला आणि परत आला, ही खूण आता मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते. टायफॉइडच्या औषधांनी जंतू मेले नाहीत, अर्धमेले झाले. टीबीच्या गोळ्यांतली रिफॅम्पिसिन ही नुसती टीबीची नाही, ती इतर अनेक जंतूंवरही चालते. म्हणून पंधरा दिवस ताप उतरला आणि निदान बरोबर वाटलं. हे तुम्हा कोणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. आमच्या व्यवसायातल्या लोकांनी मात्र दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेल्या तापात पुढचं अँटिबायोटिक लिहिण्याआधी कल्चरची बाटली भरावी आणि छातीला स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ लावावा, असं मला मनापासून वाटतं. टीबीच्या गोळ्या तुम्ही परस्पर बंद करू नका, पण टीबीचा पुरावा काय होता आणि आता त्या चालू ठेवायच्या का, हे स्पष्ट विचारून घ्या. रिफॅम्पिसिनमुळे इतर काही औषधांची मात्राही बदलावी लागते.

हृदयाचा संसर्ग म्हटलं की साधारणपणे झडपांचा संसर्ग डोळ्यांसमोर येतो. झडपेवर जंतूंचा पुंजका असेल तर तोही इकोत हलता गोळा दिसतो. रक्ताची गुठळीसुद्धा तशी दिसू शकते, विशेषतः लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत, आणि असे रुग्ण आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत. यांतलं नेमकं काय हे ठरवायला टीईई करतात. अन्ननलिकेत नळी घालून हृदयाला अगदी मागून, जवळून पाहतात. गाठ पडद्याला देठाने चिकटलेली आहे का, तिचा काठ फाटका आहे का, झडपा स्वच्छ आहेत का, दुसरी गाठ लपली आहे का, हे त्यात कळतं. घशाला थोडा त्रास होतो, पण हे टाळू नका. झडपही बिघडलेली असेल तर सर्जनना ते आधी माहीत असायला हवं.

एवढं सगळं होऊनही, काटेकोर अर्थाने, आईचं निदान अजून पूर्ण झालेलं नाही. रेवणकर आणि क्लार्क या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये तोवर नोंदलेले असे रुग्ण तपासून निदानाच्या पायऱ्या ठरवल्या: शक्य, संभाव्य आणि निश्चित. इकोत मिक्सोमासारखी गाठ आणि रक्तात जंतू, एवढं असेल तर पायरी पहिली, ‘शक्य’. निश्चित केव्हा म्हणायचं? काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली मिक्सोमाच ठरली आणि तिच्यात जंतू दिसले तेव्हा, किंवा रक्तात जंतू असताना गाठीत त्यांच्यामुळे आलेली सूज दिसली तेव्हा. म्हणजे या आजारात ऑपरेशन हा उपचार आहेच, पण निदानाचं शेवटचं पानही तिथेच उघडतं. काकांना हेही सांगा. थांबलो तर आजार नक्की कोणता, हेही सहा आठवडे अधांतरी राहतं.

यातूनच एक काम तुमच्यावर सोपवते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना किंवा त्यांच्या मदतनीस डॉक्टरांना नम्रपणे विचारा: ‘गाठीचा एक तुकडा कल्चरसाठी निर्जंतुक बाटलीत जाणार आहे ना?’ शरीरातून काढलेली कुठलीही गाठ सवयीने फॉर्मालिनच्या बरणीत टाकतात. फॉर्मालिन पेशी जपतं, पण जंतू मारून टाकतं. मग पॅथॉलॉजिस्टना जंतू दिसतात, पण जिवंत मिळत नाहीत. मी शिकत असताना असा एक रुग्ण आमच्याकडे होता. तिशीतला तरुण, आधी तीन प्रकारची अँटिबायोटिक घेऊन आलेला, म्हणून रक्ताचं कल्चर कोरं. ऑपरेशन छान झालं आणि गाठ मी स्वतः फॉर्मालिनमध्ये टाकली, अख्खी. चार दिवसांनी अहवाल आला: मिक्सोमा, आत जंतूंचे पुंजके. कोणते जंतू, कोणत्या औषधाने मरतील, ते कळायचा मार्ग मीच बंद केला होता. त्याला अंदाजाने दोन-तीन जड औषधं द्यावी लागली आणि त्यांनी त्याच्या मूत्रपिंडांना त्रास झाला. तो बरा होऊन घरी गेला, पण ती बरणी मी विसरलेले नाही. तुमच्या बाबतीत रक्तातला जंतू हाती लागला आहे, हे मोठं भाग्य आहे. तरीही गाठीचा तुकडा जाऊ द्या.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. छातीच्या मधल्या हाडातून वाट करतात, हृदयाचं काम यंत्रावर घेतात, हृदय थांबवतात. गाठीला शक्य तितकं न हाताळता, देठासकट आणि देठाच्या बुडाशी असलेल्या पडद्याच्या तुकड्यासकट काढतात. बूड राहिलं तर गाठ परत उगवू शकते. पडद्याला पडलेलं भोक बहुधा हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावून शिवतात. मग सगळे कप्पे पाहून, धुऊन हृदय पुन्हा सुरू करतात. साध्या मिक्सोमाच्या ऑपरेशनातून १०० पैकी ९५ हून जास्त रुग्ण सुखरूप बाहेर येतात. जंतू असतील तर जोखीम त्याहून जास्त धरायची. आईच्या बाबतीत ती किती, हे तिचं मूत्रपिंड, फुप्फुसं आणि मेंदूचं स्कॅन पाहिलेले सर्जनच सांगू शकतील, आणि तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वय चाळिशीपुढचं असल्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्याही आधी पाहून घ्यायला सांगतील. कधी अँजिओग्राफी करतात, तर तुकडे सुटण्याच्या भीतीने कधी सीटीवर भागवतात.

पैशांचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात असणारच. रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आजच भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा. योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि हृदयाच्या ऑपरेशनांचा त्यात समावेश आहे. कागद ऑपरेशनच्या सकाळी शोधायला लागू नयेत.

नंतरचे दिवस ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे. शिरेतून अँटिबायोटिक साधारण ४ ते ६ आठवडे चालतं. दिवस कुठून मोजायचे, यावर घरात नेहमी गोंधळ होतो. झडपांच्या संसर्गात वापरतात तोच नियम इथेही बहुतेक डॉक्टर पाळतात: योग्य औषध सुरू होऊन रक्ताचं कल्चर स्वच्छ आलं तो पहिला दिवस. पण काढलेल्या गाठीच्या कल्चरमध्ये जिवंत जंतू वाढले, तर मोजणी ऑपरेशनच्या दिवसापासून नव्याने. आईला बरं वाटू लागलं की ती घरी जायचा हट्ट धरेल. शेवटचे काही आठवडे रोज एकच इंजेक्शन पुरणार असेल तर ते गावाजवळच्या दवाखान्यात घेता येईल का, हे विचारा, काही औषधांबाबत ते जमतं. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर कानात गुणगुण, ऐकू कमी येणं, चक्कर याकडे लक्ष ठेवा, आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी) रक्ततपासणी चुकवू नका.

छातीचं हाड सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर हंडा-कळशी उचलायची नाही, पिठाचा डबा ओढायचा नाही, दोन्ही हातांवर जोर देऊन उठायचं नाही, दुचाकीवर मागे बसायचं नाही. भाकरी थापायलाही घाई नको, ती किती म्हणाली तरी. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात नाडी अचानक वेडीवाकडी धावू लागते, हे बऱ्याच जणांना होतं आणि औषधाने आटोक्यात येतं, घाबरू नका. पण कोर्स संपल्यावर पुन्हा ताप आला, तर गावात कोणाकडूनही अँटिबायोटिक न घेता आधी कल्चरसाठी रक्त द्यायचं. हे एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. आईच्या फायलीत इकोचा अहवाल, कल्चरचा अहवाल आणि गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल या तीन प्रती कायम असू द्यात.

तुम्हाला होईल का? बहुतेक मिक्सोमा आनुवंशिक नसतात. थोड्या कुटुंबांत कार्नी कॉम्प्लेक्स नावाचा प्रकार असतो. त्यात गाठ तरुणपणीच होते, एकाहून जास्त असतात, काढल्यावर परत येतात, ओठांवर आणि डोळ्यांच्या कडांना बारीक काळे-तपकिरी ठिपके दिसतात. आईला या वयात, नेहमीच्या जागी, एकच गाठ आहे. घरात आणखी कोणाला अशी गाठ झालेली नसेल तर तुमच्या जनुकांच्या तपासणीमागे लागायचं कारण मला दिसत नाही. मन शांत होणार असेल तर एकदा साधा इको करून घ्या, त्याने अपाय नाही. आईचा इको मात्र दर वर्षी. साधा मिक्सोमा नीट काढला तर १०० मध्ये १ ते ३ जणांतच परत येतो, पण येतो तो कधीकधी काही वर्षांनी.

आणि ती दाढ. आईच्या रक्तात सापडलेला स्ट्रेप्टोकॉकस तोंडात राहणाऱ्या गटातला असेल तर दाढेची वाट शक्य आहे, हे मी लपवत नाही. पण तेवढंच पुढेही ऐका. दात घासताना, चावताना तोंडातले जंतू आपल्या सगळ्यांच्याच रक्तात अधूनमधून शिरतात आणि काही मिनिटांत नाहीसे होतात. आईच्या हृदयात त्यांना बसायला खडबडीत जागा मिळाली, कारण गाठ तिथे आधीपासूनच होती, बहुधा तुमच्या परीक्षेच्या कितीतरी आधीपासून. दाढ मे महिन्यात काढली असती तरी काढतानाच जंतू रक्तात गेले असते, आणि त्या गाठीची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. हात लुळा पडल्यावर तुम्ही ‘बरं झालं ना आता’ म्हणून घरी बसला नाहीत, तिला पुण्याला नेलंत. गाठ सापडली ती त्यामुळे.

दाढेचं काम मात्र राहिलेलं आहे. ऑपरेशनच्या आधी दाताच्या डॉक्टरांना वॉर्डात बोलावून तोंड तपासून घेता येईल का, हे उद्याच्या राउंडला विचारा. दाढ पिकलेली असेल तर ती केव्हा काढायची हे दोघे डॉक्टर मिळून ठरवतील. पुढेही कधी दात काढायचा झाला तर खुर्चीत बसण्याआधी आईने सांगायचं: ‘माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालंय, जंतूंचा त्रास होता.’ काही रुग्णांना अशा वेळी अर्धा-एक तास आधी अमॉक्सिसिलिनचा एक डोस लागतो. आईला तो लागेल का आणि किती काळ, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.